हृदयाभोवतीचं पाणी, इको आणि टीबी: नव्या रेसिडेंटसाठी

आपल्याकडे मेडिसिनची रेसिडेन्सी करताय ना? मग पेरिकार्डियममध्ये, म्हणजे हृदयाच्या आवरणात, पाणी झालेला पेशंट भेटणारच, आणि कारण बऱ्याचदा टीबी निघतं. मला इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) गोडी लागली ती अशाच केसेसमुळे.

प्रोब ठेवला की नजर पाण्यावरच खिळते. मोजमाप सोपं आहे: डायस्टोलमध्ये (हृदय सैल पडताना) १० मिमीच्या आत असेल तर थोडं, २० च्या वर गेलं तर भरपूर. पण या आकड्याला फार मान देऊ नका. टीबीत पाणी सावकाश साठतं, आवरण ताणत जातं. भरपूर पाणी असूनही माणूस चालत ओपीडीत येतो. झपाट्याने साठलेलं थोडंसं पाणी मात्र जिवावर बेततं. म्हणून उजवी बाजू बघा. एट्रियम (वरचा कप्पा) सिस्टोलमध्ये (हृदय आकुंचन पावताना), व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) डायस्टोलच्या सुरुवातीला दबतंय का? आयव्हीसी (हृदयाकडे रक्त आणणारी पोटातली मोठी शीर) २.१ सेंमीच्या वर फुगलीय आणि श्वास घेतल्यावर निम्म्यानेही आकसत नाही? आधी सीनियरना फोन, रिपोर्ट मागाहून.

पाणी हृदयाभोवतीचं की फुप्फुसाभोवतीचं, यात सगळेच गोंधळतात. छातीच्या हाडाच्या डाव्या कडेवरून दिसणाऱ्या लांबट छेदात, म्हणजे पॅरास्टर्नल लाँग अ‍ॅक्सिसमध्ये डिसेंडिंग एओर्टा (खाली उतरणारी महाधमनी) शोधा. तिच्या पुढे ते पेरिकार्डियमचं, मागे ते प्लूराचं (फुप्फुसाच्या आवरणाचं). नुसता समोरच दिसणारा पट्टा बहुधा चरबीचा असतो.

टीबीच्या पाण्यात फायब्रिनचे धागे शेवयांसारखे हलताना दिसतात. चित्र देखणं, पण तेवढ्यावर 'टीबी' लिहू नका. पू झाला तरी धागे दिसतात. जंतू इकोत दिसत नाही. पाणी काढून एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम), सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा जनुकीय तपास), कल्चर पाठवा. एडीए ४० च्या वर असेल तर पारडं टीबीकडे झुकतं. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं होत नाही, कारण या पाण्यात जंतू फार कमी असतात. सीटीत छातीतल्या गाठी सापडल्या तर आणखी एक धागा हाती लागतो.

माझ्या मते खरी परीक्षा एकेटी (टीबीची औषधं) सुरू झाल्यावर असते. पाणी ओसरतं, सगळे निर्धास्त होतात आणि आवरण आवळायला लागतं. श्वासागणिक सेप्टम (दोन कप्प्यांमधला पडदा) इकडून तिकडे सरकतो, मायट्रल अ‍ॅन्युलसचा (डाव्या झडपेच्या कड्याचा) मीडियल म्हणजे सेप्टमकडचा वेग लॅटरल म्हणजे बाहेरच्या बाजूपेक्षा जास्त भरतो. सीटीत ४ मिमीच्या वर जाडी किंवा कॅल्शियम दिसू शकतं, पण जाडी नॉर्मल असूनही हृदय आवळलेलं असू शकतं. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट) दिल्यावर आवरण उजळलं तर सूज अजून ताजी आहे; ती औषधाने उतरू शकते, सर्जनकडे धावायची घाई नको. पाणी गेलं तरी पाय सुजलेलेच आणि मानेची शीर फुगलेलीच असेल, तर श्वासाचा ट्रेस लावून इको पुन्हा करा.