सेकंड इयरला कॉलेज बदलताय? आधी दोन्ही सिलॅबस शेजारी ठेवून बघा

इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरचा निकाल बरा लागला की घराघरात ट्रान्सफरचा विषय निघतो. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सला होते. पुण्याच्या एका स्वायत्त कॉलेजात आमच्या ब्रँचची जागा रिकामी असल्याचं कळलं आणि मामा म्हणाले, "पुण्याचं नाव लागेल, विचार कसला करतेस?" मी गेले, आणि त्याचं मला समाधान आहे. तरी केवळ नावासाठी जाऊ नका, असं मी प्रत्येक ज्युनिअरला सांगते.

पुण्याचं सीओईपी 1854 सालचं, मुंबईचं व्हीजेटीआय 1887 सालचं. तिथली स्वप्नं जरूर बघा. पण बदली मिळते ती रिकाम्या जागेवर आणि मेरिटनं, त्यामुळे अशा ठिकाणी हवी ती ब्रँच मिळणं अवघडच. बहुतेकांसमोर पर्याय येतो तो त्याखालच्या कॉलेजांचा, आणि खरी पारख तिथेच करावी लागते. नावापायी नावडती ब्रँच घेणं मला तरी पटत नाही. पुढची तीन वर्षं तेच विषय शिकायचे असतात.

सगळ्यात जास्त वेळ द्या सिलॅबसला. स्वायत्त कॉलेजांचा अभ्यासक्रम स्वतःचा असतो. मी दोन्हीकडचे सिलॅबस प्रिंट काढून जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि जुळणाऱ्या विषयांवर पेन्सिलीनं खुणा केल्या. आमच्याकडे तिसऱ्या सेमला असलेली नेटवर्क थिअरी तिकडे फर्स्ट इयरलाच होऊन गेली होती. म्हणजे तिसऱ्या सेमचे सगळे विषय आणि वर तो एक. तुमचे किती क्रेडिट धरले जाणार, कोणते विषय नव्यानं द्यावे लागणार, हे विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. "होऊन जाईल" या शब्दावर विसंबू नका. यातला एखादा विषय राहिला तर प्लेसमेंटच्या वेळी अडतं, कारण बॅकलॉग असलेल्यांना बऱ्याच कंपन्या बसूच देत नाहीत.

मग एखाद्या साध्या कामाच्या दिवशी ते कॉलेज बघून या. वेबसाइटवरचं सर्वात मोठं पॅकेज बहुधा कॉम्प्युटरच्या मुलाचं असतं. तुमच्या ब्रँचच्या फायनल इयरच्या मुलांना गाठा आणि विचारा: आपल्या ब्रँचला कोण आलं, किती जणांना घेतलं? मी दुपारी लॅबमध्ये डोकावले तर प्रॅक्टिकलची वेळ टळून गेली होती, तरी दोन मुलं सोल्डरिंग करत बसली होती आणि शेजारी सिग्नल पडद्यावर दाखवणारा सीआरओ चालू होता. आमच्याकडे प्रॅक्टिकल संपलं की कपाटाला कुलूप लागायचं. मला हार्डवेअरमध्येच काम करायचं होतं, म्हणून माझा निर्णय तिथेच झाला.

माझी मैत्रीण मात्र गेली नाही, आणि तिचंही बरोबर होतं. तिला गेट, म्हणजे एमटेकच्या प्रवेशाची परीक्षा, द्यायची होती. गेटचा पेपर तुमचं कॉलेज बघत नाही, एमपीएससीचाही नाही. घरचं जेवण आणि अभ्यासाला मोकळा वेळ तिला जास्त मोलाचा होता.

पैशांचा हिशोब आईबाबांसोबत बसून करा: फी, रूमचं भाडं, डिपॉझिट, मेस. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरची शिष्यवृत्ती मिळत असेल तर बदलीनंतर ती चालू राहील का, हे दोन्ही कॉलेजांच्या स्कॉलरशिप विभागात विचारा. शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीला कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेशाची अट आहे, तेव्हा हे गृहीत धरू नका. सुरुवातीला एकटंही वाटतं. प्रोजेक्टचे ग्रुप आधीच ठरलेले असतात, तेव्हा स्वतःहून जाऊन विचारायची तयारी ठेवा.

आणि निवड झाल्याचं लेखी पत्र हातात पडेपर्यंत जुन्या कॉलेजातून दाखला काढू नका. विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज लगेच टाका, त्याला वेळ लागतो. फर्स्ट इयरच्या गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रतीही जास्तीच्या काढून ठेवा. पुढे एमएसला अर्ज करताना दोन्ही कॉलेजांच्या ट्रान्सक्रिप्ट मागतात.