लोकरीचे कपडे ठेवून देताना

रथसप्तमी उलटली की थंडी काढता पाय घेते आणि होळीपर्यंत स्वेटर, शाली, गोधड्या आवरण्याचे काम घरोघरी निघते. कसर लागते ती मुख्यतः घामाच्या किंवा अन्नाच्या डागांवर, त्यामुळे एकदाच अंगावर घेतलेली शालसुद्धा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, न पिळता, आडवी पसरून सावलीत वाळवावी. गोधडीला मात्र दोन दिवस कडक ऊन द्यावे. कडुनिंबाचा पाला घालायचा असल्यास तो पूर्ण वाळलेला असावा; ओलसर पाल्याने बुरशी धरते, आणि हे मी एक चांगली शाल गमावून शिकले. डांबराच्या गोळ्या कपड्यांना थेट टेकवू नयेत, सुती चिंधीत बांधून कोपऱ्यात ठेवाव्यात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या घालूच नयेत. प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा जुन्या सुती साडीचे बोचके बरे, कारण पिशवीत दमटपणा कोंडतो.

आमच्या पूर्वीच्या वाड्यातील शेजारीण काकू बोचक्यावर आत काय आहे त्याची चिठ्ठी टाचणीने लावत. गेल्या आठवड्यात त्या भेटायला आल्या, तेव्हा माझ्या कपाटातील चिठ्ठ्या पाहून त्यांनी पहिली चूक काढली ती गंजलेल्या टाचणीची. तेव्हापासून मी चिठ्ठी दोऱ्याने टाचते.