चार्जर बसवायला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या शेडमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचे महिन्याला मोजकेच चार्जर तयार होतात. घराच्या किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर बसणारा, एका फेजवर ३२ अँपिअर, म्हणजे साधारण ७.४ किलोवॅट देणारा टाइप २ गनचा (गाडीत खोचायच्या प्लगचा) एसी चार्जर हे आमचे मुख्य काम. तयार करणारे आणि बसवणारे हात एकच असल्यामुळे बिघाडाची जबाबदारी ढकलायला दुसरे कोणी नसते. आजवर आलेल्या तक्रारींची वही चाळली, तर सर्किट बोर्डाचा दोष क्वचितच सापडतो. सैल राहिलेला स्क्रू, वायरच्या टोकावरचा नीट न दाबलेला लग (धातूची टोपी) किंवा कोरडी पडलेली अर्थिंग हीच कारणे पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणून पुढील सारी तयारी आदल्या संध्याकाळी, शटर ओढण्यापूर्वी पूर्ण व्हावी. सकाळी टेम्पोत सामान चढवताना घाईने नजर फिरवली, तर त्यात हे तिन्ही दोष सुटतात.

सुरुवात टेबलावरच्या चाचणीने करावी. गाडी नसताना गाडीचे सोंग घेणारी छोटी डबी प्रत्येक शेडमध्ये असायला हवी. तिच्यात एक डायोड, २.७४ किलोओहमचा एक आणि १.३ किलोओहमचा दुसरा रेझिस्टर एवढेच लागते. गन मोकळी असताना पायलट तारेवर, म्हणजे गाडी आणि चार्जर ज्या तारेवरून एकमेकांना खुणावतात तिच्यावर, स्थिर १२ व्होल्ट दिसावेत, पहिला रेझिस्टर जोडल्यावर ९ आणि दुसरा त्याला समांतर जोडल्यावर ६ व्होल्ट दिसावेत, आणि ६ दिसल्यावरच कॉन्टॅक्टर, म्हणजे गाडीकडे वीज सोडणारा स्विच, ओढला जावा. ही मापे साध्या मल्टिमीटरवर घेऊ नयेत, कारण गाडी जोडली गेल्यावर पायलटचा संकेत सेकंदाला हजार वेळा अधिक-उणे होत असतो आणि मीटर त्याची सरासरी दाखवून फसवतो. ऑसिलोस्कोप लावून लहरीचा माथा पाहावा आणि तिची रुंदी, म्हणजे प्रत्येक आवर्तनात ती किती टक्के वेळ वर असते, हेही मोजावे; त्यावरून गाडीला किती प्रवाह घ्यायचा ते कळते. ३२ अँपिअरसाठी ती ५३.३ टक्के आणि १६ अँपिअरसाठी २६.७ टक्के असते. त्यानंतर डबीतला डायोड मुद्दाम बाजूला काढून पाहावे. लहरीची खालची बाजू उणे १२ पर्यंत पोचली नाही, तर चार्जरने वीज सोडता कामा नये. पावसात गनमध्ये साचलेले पाणीही रेझिस्टरसारखे वागू शकते, आणि समोर खरोखर गाडी आहे की नुसते पाणी, हे चार्जरला त्या डायोडवरूनच कळते. शेवटी चालू भारावर पायलटची तार तोडावी. कॉन्टॅक्टर १०० मिलिसेकंदांच्या आत सुटला पाहिजे.

आरसीसीबीचे, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे, टेस्ट बटण दाबून समाधान मानू नये. टेस्टरने ३० मिलिअँपिअरची गळती सोडून ती ३०० मिलिसेकंदांच्या आत ट्रिप होते का, हे पाहावे आणि आकडा लिहून ठेवावा. आम्ही टाइप ए आरसीसीबी वापरतो आणि ती सरळ डीसी गळती ओळखत नाही, त्यामुळे ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखणारा सेन्सरही त्याच बैठकीत तपासावा लागतो.

त्यापुढची तासाभराची भारचाचणी वेळखाऊ म्हणून टाळण्याचा मोह होतो, पण आमच्या अनुभवात सर्वांत जास्त दोष तिथेच पकडले गेले आहेत. दोनशे लिटरच्या पिंपात गीझरच्या कॉइल सोडून पूर्ण ३२ अँपिअर तासभर चालवावेत. हिशेबाप्रमाणे तेवढ्या वेळात पाणी साधारण ३० अंशांनी तापते, आणि ते तसे तापले तर भारही खरोखर पूर्ण मिळाला, याची वेगळी खातरजमा होते. या तासात दर पंधरा मिनिटांनी इन्फ्रारेड थर्मामीटरने प्रत्येक टर्मिनलचे तापमान घ्यावे. चकचकीत तांब्या-पितळेवर हे थर्मामीटर प्रत्यक्षापेक्षा कमी तापमान दाखवते, म्हणून मोजण्याच्या जागी आधी काळ्या इन्सुलेशन टेपचा बारीक तुकडा चिकटवावा. सांध्याचा अवरोध जेमतेम एक शतांश ओहम असला, तरी ३२ अँपिअरला त्या नखाएवढ्या जागेत दहा वॅट उष्णता सतत निर्माण होते. गाडी रात्रभर सहा-सात तास चार्जिंगला असते, हे लक्षात घेतले की टर्मिनलचे प्लास्टिक तपकिरी का पडते ते समजते. शेजारच्या टर्मिनलपेक्षा एखादे दहा अंशांनी गरम लागले, तर ते नुसते आवळून पुढे जाऊ नये. लग कापून टाकावा, वायर नव्याने सोलून नवा लग क्रिम्पिंग टूलने दाबावा आणि स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरने उत्पादकाने दिलेल्या मापाला आवळावा. पक्कडीने चेपलेला लग आमच्या शेडमध्ये चालत नाही.

केबल आणि एमसीबी (जास्त प्रवाह झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) यांचा विचार एकत्रच करावा. मीटर रूमपासून चार्जरपर्यंतचे अंतर पाहणीच्या दिवशी टेपने मोजलेले असावे. ग्राहकाने फोनवर सांगितलेल्या अंदाजावर केबल कापून नेऊ नये. तीस मीटर अंतरावर ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमध्ये, जाण्यायेण्याची लांबी धरून, सुमारे ६ व्होल्ट पडतात. १० चौरस मिलिमीटर घेतली तर साडेतीन. दुसरीकडे, एमसीबीची क्षमता ३० अंश तापमानाला ठरवलेली असते आणि एप्रिल-मेमध्ये बंद पेटीत त्याहून कितीतरी जास्त तापमान होते. त्यामुळे ३२ अँपिअरची एमसीबी तासन्‌तास पूर्ण भार वाहताना ट्रिप होते, आणि ग्राहक समजतो की चार्जर बिघडला. आम्ही ४० अँपिअरची एमसीबी आणि तिला साजेशी १० चौरस मिलिमीटरची केबल नेतो. खर्च वाढतो हे खरे. पण एमसीबी मोठी आणि केबल जुन्याच मापाची, अशी जोडी कधीही करू नये.

अर्थिंगबद्दल नाशिकमध्ये वेगळे आणि सविस्तर लिहिणे भाग आहे. आपल्याकडे बऱ्याच भागांत वरची काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण अशी रचना असते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, तर पाषाणात इलेक्ट्रोड खोलवर जात नाही. पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीत आम्ही ऑगस्टमध्ये चार्जर बसवला, तेव्हा अर्थिंगचा अवरोध ३ ओहम आला होता आणि आम्ही निश्चिंत होतो. पुढच्या मे महिन्यात गाडी चार्जिंग नाकारू लागली. आम्ही दोनदा चार्जर उघडला, बोर्डही बदलला, आणि तिसऱ्या फेरीला अर्थ टेस्टर घेऊन गेलो, तेव्हा अवरोध १९ ओहम भरला. खड्ड्याचे झाकण उचलून पाहिले, तर माती इलेक्ट्रोडपासून सुटून चारी बाजूंनी पेन्सिल जाईल एवढी फट पडली होती. पहिल्याच फेरीत टेस्टर नेला असता, तर त्या कुटुंबाचे तीन आठवडे वाया गेले नसते. ती चूक सर्वस्वी आमची होती. शेवटी नवा खड्डा घेऊन बेंटोनाइट (ओलावा धरून ठेवणारी माती) भरले.

तेव्हापासून अर्थ टेस्टर, मोजणीसाठी जमिनीत ठोकायचे त्याचे दोन्ही खिळे, वायरची रिळे आणि पाण्याच्या दोन बाटल्या यांच्याशिवाय टेम्पो निघत नाही. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असल्यामुळे खिळे ठोकायला सोसायटीच्या बागेपर्यंत जावे लागते, म्हणून रिळांची लांबी पुरेशी असावी. बाटल्यांचे पाणी खिळ्यांभोवतीची माती भिजवण्यासाठी असते. मोजणी करताना मुख्य पुरवठा बंद करून इलेक्ट्रोडची जोडणी सोडवावी आणि काम झाल्यावर ती परत आवळल्याची दोघांनी खात्री करावी. आकड्याशेजारी महिना लिहावा. आम्ही उन्हाळ्यासाठी ५ ओहमची मर्यादा पाळतो. पावसाळ्यात ४ ओहम आले तरी आम्ही ते पुरेसे मानत नाही आणि बेंटोनाइटच्या पिशव्या सोबत ठेवतो. चार्जर चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांमधला व्होल्टेजही मोजावा, कारण मीटर रूममधला सैल न्यूट्रल तिथे लगेच उघडा पडतो.

पेटीच्या बाबतीत सगळ्या केबल ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या कड्यातून) खालूनच आत याव्यात, वापरात नसलेली भोके बुचांनी बंद असावीत आणि केबलला पेटीत शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाते. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूचे काम असेल तर दाराची रबरी पट्टी नवीन बसवूनच निघावे. वळवाच्या विजांचा विचार करून सर्ज प्रोटेक्टरचा दर्शक हिरवा असल्याचे पाहावे.

कागदपत्रांत वीजबिलाची प्रत, सोसायटीचे संमतिपत्र आणि आमचा चाचणी अहवाल एवढे पुरते. बिलावरचा मंजूर भार मात्र स्वतः वाचावा. घरातले एसी आणि गीझर धरून ७.४ किलोवॅट त्यात बसत नसतील, तर चार्जरचा प्रवाह १६ अँपिअरवर आणून ठेवावा आणि भार वाढवून घेण्याचा अर्ज ग्राहकाच्या हाती द्यावा. पिशवीत मेगर (इन्सुलेशन तपासणारे मीटर), क्लॅम्प मीटर (तार न तोडता प्रवाह मोजणारे), टॉर्क स्क्रूड्रायव्हर, क्रिम्पिंग टूल, जास्तीचे लग आणि मीटर रूमच्या मुख्य स्विचला लावायचे कुलूप असावे. हे कुलूप लावून किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवावी. तोंडी सांगितलेले ‘स्विच बंद आहे’ पुरेसे मानू नये.

सर्वांत शेवटी, रात्री नऊच्या आत, गाडीमालकांना फोन करावा. बॅटरी पूर्ण भरलेली गाडी पूर्ण प्रवाह घेतच नाही आणि मग जागेवरची भारचाचणी होत नाही. म्हणून त्यांना विनंती करावी की उद्या सकाळी गाडी घरीच असू द्या, आणि आज रात्री ती चार्जिंगला लावू नका.