डेस्कटॉपची रॅम वाढवायचीय? बसवणं सोपं आहे, घोळ होतो तो विकत घेताना

पीसी स्लो झाला की घरातलं, ऑफिसातलं कोणीतरी म्हणतंच, अरे रॅम टाकून घे. सल्ला बऱ्याचदा बरोबर असतो पण नेहमीच नाही, आणि सध्या तर तो महागात पडतो, कारण २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी चिपा एवढ्या उचलल्यात की साध्या घरगुती रॅमचे भावसुद्धा भडकलेत. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटं बसून नीट बघा की आपल्याला रॅम खरंच लागतेय का आणि लागतेय तर कुठली.

रोज जे काम करता ते सगळं उघडून ठेवा, म्हणजे क्रोमचे टॅब, एक्सेल, टॅली, व्हॉट्सॲप वेब जे काय असेल ते, आणि मग कंट्रोल शिफ्ट एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी, म्हणजेच रॅम, बघा. आकडा ८५-९० टक्क्यांच्या वर चिकटून बसला असेल तर रॅम कमी पडतेय यात शंका नाही. पण मेमरी ५०-६० टक्क्यांवर निवांत आहे आणि डिस्क मात्र १०० टक्के दाखवतेय, तर तुमचा आजार वेगळाय, जुनी हार्ड डिस्क दमलीय, तिथे एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाका, रॅमवर पैसे घालवू नका. दोन्ही भरलेलं दिसत असेल तर मात्र रॅमच आधी, कारण रॅम संपली की विंडोज डिस्कवर जागा करून काम भागवतं आणि त्यामुळे डिस्क उगाच बदनाम होते.

त्याच मेमरीच्या पानावर खाली अजून कामाच्या गोष्टी असतात: स्पीड किती, एकूण स्लॉट, म्हणजे रॅम बसवायच्या जागा, किती आणि त्यातले वापरलेले किती. २ पैकी १ दिसलं तर तुमचं नशीब, एक स्लॉट मोकळा आहे. फॉर्म फॅक्टरसमोर डीआयएमएम असेल तर नेहमीची लांब रॅम, आणि एसओडीआयएमएम असेल तर लॅपटॉपवाली आखूड. डेस्कटॉपला लॅपटॉपची रॅम कशी असेल असं वाटेल, पण बँकेत, दवाखान्यात मॉनिटरच्या मागे अडकवलेले ते छोटे डबे असतात ना, टायनी किंवा मायक्रो म्हणून जे सेकंडहँडमध्ये हल्ली खूप मिळतात, त्यांना आखूडच लागते.

एक अगदी जुनी अडचण अजून दिसते. विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वर कितीही टाका, ती वापरतच नाही. सेटिंगमध्ये सिस्टीम, अबाऊट इथे जाऊन बघून घ्या, ३२ बिट निघालं तर आधी ६४ बिट टाकावं लागेल.

आता कुठली घ्यायची. डीडीआर ३, डीडीआर ४, डीडीआर ५ या रॅमच्या पिढ्या एकमेकींच्या जागी बसतच नाहीत, प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळं, डीडीआर ३ ला १.५, डीडीआर ४ ला १.२ आणि डीडीआर ५ ला १.१ व्होल्ट. इंटेलचा दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या जनरेशनचा प्रोसेसर असेल तर डीडीआर ३. सहाव्यापासून अकराव्यापर्यंत बहुतेक सगळीकडे डीडीआर ४. बाराव्यापासून चौदाव्यापर्यंत गंमत आहे, प्रोसेसर दोन्ही चालवतो पण बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, एकच घेतो, त्यामुळे बोर्डाचं मॉडेल बघितल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका. एएमडीमध्ये एएम ४ सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) म्हणजे डीडीआर ४, एएम ५ म्हणजे डीडीआर ५, तिथे विषय संपला.

मग बोर्डाची मर्यादा. आपल्याकडे घरोघरी असलेले एच ६१ आणि एच ८१ चे (ही बोर्डावरच्या चिपसेटची नावं) बोर्ड जास्तीत जास्त १६ जीबी घेतात, म्हणजे दोन स्लॉटमध्ये ८ आणि ८. एका स्लॉटमध्ये १६ ची स्टिक टाकून बघू म्हणाल तर स्क्रीनच येणार नाही. एच ११० ला ३२ पर्यंत जाता येतं. मॉडेलचं नाव बोर्डावरच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, ते कंपनीच्या साईटवर टाकलं की मर्यादा कळते.

स्पीडचं फार डोक्यात घेऊ नका. ३२०० ची स्टिक २४०० वाल्या बोर्डात टाकली तर ती गुमान २४०० वर चालते, आणि दोन वेगळ्या स्पीडच्या असतील तर दोघी कमी स्पीडवाल्याच्या तालावर चालतात. पण दोन स्टिक असण्याचा फायदा खराय. ड्युअल चॅनल होतं, म्हणजे दोन्ही स्टिक एकदम कामाला लागतात, आणि ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यांना तो फरक जाणवतो, कारण ऑनबोर्ड ग्राफिक्स याच रॅममधून आपला वाटा घेतं. आधीची ८ असेल तर त्याच स्पीडची अजून एक ८ टाका, माझ्या मते घरगुती कामाला १६ भरपूर झाली. ४ आणि ८ अशी जोडी पण चालते, त्यात काही पाप नाही.

आता सापळे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन, कुठेही घ्या, पण निम्म्या भावात मिळणारी स्टिक दिसली की थांबा. एक तर ती सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅम असते, स्लॉटमध्ये छान बसते पण साध्या पीसीत चालूच होत नाही. ओळखायची खूण म्हणजे लेबल: पीसी ४ - २४०० टी असं लिहून पुढे यू असेल तर आपली, आर असेल तर सर्व्हरची. दुसरी म्हणजे डीडीआर ३ ची फक्त एएमडीवर चालणारी स्टिक, इंटेलच्या बोर्डात ती गप्प बसते आणि जाहिरातीत ते बारीक अक्षरात कुठेतरी लिहिलेलं असतं. जाताना जुनी स्टिक काढून सोबत न्या, दुकानदाराला बोर्डाचं नाव सांगा, आणि बिलावर स्टिकचा सिरियल नंबर लिहून घ्या. नंतर वॉरंटीला गेलात की सगळं त्या नंबरावर चालतं.

स्टिक घरी आली की आता बसवायचं. पीसी नीट शटडाउन करा, भिंतीवरचं बटण बंद, यूपीएस असेल तर तोही बंद, आणि केबल काढून टाका. मग पॉवरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत राहिलेला करंट निघून जातो. कॅबिनेट आडवं झोपवा, मागचे दोन स्क्रू काढून समोरून बघताना डावीकडचं झाकण मागे सरकवा. आत धूळ असणारच. मऊ ब्रशने झाडा, ब्लोअर मारलात तर पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, ती गरगर फिरू देऊ नका. रॅमला हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, अंगातली स्टॅटिक तिथे उतरते. कोकणातल्या दमट हवेत हे एवढं जाणवत नाही पण नागपूरच्या कोरड्या थंडीत स्वेटर घालून बसाल तर चटका बसतो तो हाच, आणि चिपला तो सोसत नाही. म्हणून स्वेटर काढा आणि स्टिक कडेनेच धरा, खालच्या सोनेरी पट्टीला बोटं नकोत.

चार स्लॉट असतील आणि स्टिक दोन, तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरायचा. स्लॉटच्या टोकाचे क्लिप बाहेर ढकला, काही बोर्डांना एकाच बाजूला क्लिप असतो, दुसरी बाजू तशीच राहते, तो तुटलेला नाही. स्टिकची खाच स्लॉटमधल्या उंचवट्याशी जुळवा. जुळत नसेल तर स्टिक फिरवून बघा, आणि तरीही जुळत नसेल तर ती चुकीची रॅम आहे, जोर लावू नका. जुळली की दोन्ही अंगठे दोन टोकांवर ठेवून सरळ खाली दाबा. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं बोर्ड मोडेल, तो थोडा लवतो पण, तरी दाबायचंच. टक् असा आवाज येऊन क्लिप आपोआप वर येतो, ज्यांना दोन क्लिप आहेत त्यांना दोनदा टक्. सोनेरी पट्टी एका टोकाला जास्त दिसत असेल तर ती बाजू बसलेली नाही.

झाकण लगेच लावू नका, आधी चालू करून बघा. डीडीआर ५ असेल तर पहिल्यांदा स्क्रीन बराच वेळ काळी राहते, बोर्ड रॅमची तपासणी करत असतो, दोन-चार मिनिटं धीर धरा, मध्येच बंद करू नका. जुन्या बोर्डावर डिस्प्ले नाही आणि बीप बीप वाजतंय तर रॅम नीट बसलेली नाही. पुन्हा वीज बंद करून स्टिक काढा, सोनेरी पट्टी साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, रबराचा चुरा ब्रशने झाडून टाका, परत बसवा. हा गल्लीतल्या रिपेअरवाल्यांचा जुना उपाय आहे आणि निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं. तरी नाही आलं तर एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये टाकून बघा, कोण बिघडलंय, स्टिक की स्लॉट, ते लगेच कळतं. शेवटचा उपाय म्हणून बोर्डावरचा गोल सेल काही मिनिटं काढून ठेवा, बायोसचं (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचं) सेटिंग मूळ पदावर येतं, फक्त मग तारीख-वेळ पुन्हा लावावी लागेल.

विंडोज आलं की परत टास्क मॅनेजर. १६ टाकली आणि ८ च दिसतेय तर एक स्टिक अर्धवट बसलीय. १६ दिसतेय पण वापरण्यासारखी कमी सांगतंय तर एमएसकॉन्फिगमध्ये बूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शनला जाऊन मॅक्झिमम मेमरीची टिक काढा. महागडी, जास्त स्पीडची रॅम घेतली असेल तर बायोसमध्ये एक्सएमपी, एएमडीच्या डीडीआर ५ वर एक्सपो, हे पूर्ण स्पीडचं सेटिंग चालू केल्याशिवाय ती कमी स्पीडवरच चालते.

पहिल्या रात्री मेमटेस्ट ८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून लावून झोपा, किंवा निदान विंडोजचं मेमरी डायग्नोस्टिक तरी चालवा. सकाळी एक जरी एरर दिसली तरी हाताळत बसू नका, बिल घ्या आणि स्टिक बदलून आणा.