वसाहतकाळात गेलेली वस्तू परत मागायची तर

सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७०चा करार पूर्वलक्षी नाही, म्हणजे आधी घडलेल्या गोष्टींना तो लागू होत नाही. भारताने तो १९७७ साली स्वीकारला, ब्रिटनने २००२ साली. १८१७च्या इंग्रज-मराठा युद्धातली लूट त्यात बसत नाही. तेव्हा भिस्त कागदपत्रांवर आणि वस्तू ज्या देशात आहे तिथल्या कायद्यावर.

म्हणून आधी ताबा कोणाकडे ते बघा. ब्रिटिश म्युझियमचे विश्वस्त १९६३च्या कायद्याने बांधलेले, लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे १९८३च्या. मनात आणलं तरी मालकी सोडायची मुभा त्यांना जवळपास नाही. ग्लासगोची संग्रहालयं मात्र नगरपरिषदेची, तिथे २०२२ साली सात वस्तू भारताला परत देण्याचा करार झाला. नेदरलँड्समध्ये सरकारी संग्रहासाठी स्वतंत्र समिती आहे. मागणी मूळ देशाच्या सरकारनेच करायची. वस्तू मर्जीविरुद्ध गेल्याचं ठरलं की समिती बिनशर्त परतीची शिफारस करते. २०२३ साली इंडोनेशिया आणि श्रीलंकेला ४७८ वस्तू देण्याचा निर्णय याच वाटेने झाला. १८९४ साली इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरून लुटलेला खजिना त्यातच होता.

खरं काम फाइलचं. अ‍ॅक्सेशन नंबर (संग्रहालयाने वस्तूला दिलेला नोंदणी क्रमांक), मापं, वजन, धातू, कोरलेला मजकूर जसाच्या तसा, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेले फोटो. तुटका कोपरा, जुनी डागडुजी आवर्जून नोंदवा. सारख्या दिसणाऱ्या दोन तलवारी त्यावरूनच ओळखू येतात. मग वस्तूचा प्रवास वर्षवार मांडा: कोणाकडून कोणाकडे, पुरावा काय. माहिती नसलेली वर्षं कोरी ठेवा. अंदाजाने भरलेली एक ओळ समोरच्या वकिलाला सापडली की खऱ्या ओळीही संशयात जातात.

शोध लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात घ्या. कंपनीच्या फौजेत लूट विकून पैसे वाटले जात, त्यामुळे हिशेब ठेवावाच लागे. त्या याद्या सोन्याच्या मोलाच्या. संग्रहालयाच्या रजिस्टरात 'भेट' असेल तर तिथे थांबू नका, देणाऱ्याकडे ती कुठून आली ते शोधा. दंतकथा मात्र दाव्याबाहेर ठेवा: अफझलखानावर वापरलेली वाघनखं हीच, हे सिद्ध करता येत नाही असं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट स्वतःच सांगतं.

ती वाघनखं २०२४ साली साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या उसनवारीवर. अशा करारात 'यामुळे मालकीचा दावा सोडलेला नाही' हे वाक्य मागा. ते मिळत नसेल तर निदान समोरच्याची मालकी मान्य करणारं वाक्य तरी काढायला लावा. सही घाईत होते आणि नेमकं हेच निसटतं.

वस्तू खाजगी हातात असेल आणि लिलावाला निघाली तर दिवस मोजके. मे २०२५मध्ये केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची नोटीस गेल्यावर पिपरहवाच्या स्तूपात बुद्धाच्या अस्थींसोबत सापडलेल्या रत्नांचा हाँगकाँगमधला लिलाव पुढे ढकलला गेला. रत्नं जुलैत भारतात आली, पण एका भारतीय उद्योगसमूहाने ती विकत घेतल्यामुळे. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवारही त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारला लंडनच्या लिलावातून विकतच घ्यावी लागली. म्हणून दोन कामं एकदम: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणामार्फत सांस्कृतिक मंत्रालयाकडे धाव आणि पैशांची तजवीज. लिलावाच्या पानाची तारखेसह प्रत त्याच दिवशी काढून ठेवा. वाद उठला की ते पान गायब होऊ शकतं.