एनईपी पॅटर्नमधले ‘बाकीचे पेपर’ : या चुका टाळा

बीए, बीकॉम, बीएस्सीच्या प्रवेशाच्या दिवसांत मेजर म्हणजे मुख्य विषय कोणता घ्यायचा यावर घरोघरी आठवडाभर चर्चा होते. काकांना फोन जातात, क्लासच्या सरांना विचारलं जातं. ओई, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी या बाकीच्या पेपरांच्या रकान्यांत मात्र फॉर्म भरताना समोर दिसेल त्यावर टिक केली जाते. कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनच्या खिडकीशी पुढे जी मुलं हेलपाटे घालताना दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं काम याच रकान्यांत अडकलेलं असतं. पदवी मेजरच्या जोरावर मिळत नाही. प्रत्येक रकान्याचे ठरलेले क्रेडिट, म्हणजे पेपराला दिलेलं वजन, पूर्ण झाले तरच ती मिळते, आणि एका रकान्यातले जास्तीचे क्रेडिट दुसऱ्या रकान्यात ओढता येत नाहीत.

राज्यात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची (एनईपी) ही रचना स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्नित कॉलेजांत २०२४-२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट लागतात. राज्याच्या आराखड्यात त्यांतले १० ते १२ ओईचे म्हणजे मुक्त निवडीच्या पेपरांचे, ८ एईसीचे म्हणजे भाषांचे, ४ व्हीईसीचे म्हणजे मूल्यशिक्षणाचे, २ आयकेएसचे म्हणजे भारतीय ज्ञानप्रणालीचे आणि ८ सीसीचे म्हणजे सहअभ्यासक्रमाचे. बेरीज करा: ३२ ते ३४. पदवीचा चौथा हिस्सा झाला. विद्यापीठागणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, त्यामुळे आपल्या विद्यापीठाचा तक्ता हाताशी हवाच. अभियांत्रिकी, फार्मसी यांची रचना वेगळी आहे. पुढचं सगळं पारंपरिक पदव्यांबद्दल आहे.

ओई आपल्याच विद्याशाखेतून घेणं

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. ओई म्हणजे मुक्त निवडीचा पेपर. म्हणून आवडीचा, शक्यतो सोपा वाटणारा, मेजरला जवळचा पेपर घ्यावा असं मुलांना वाटतं. पण राज्याच्या आराखड्यात अट स्पष्ट आहे: ओई मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच हवा. विद्याशाखा म्हणजे विभाग नव्हे. सार्वजनिक विद्यापीठांच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे विद्याशाखा चार आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. भौतिकशास्त्र मेजर असलेल्या मुलीने वनस्पतिशास्त्राचा पेपर घेतला तर विभाग बदलला, विद्याशाखा बदलली नाही. इतिहासवाल्याने राज्यशास्त्र घेतलं तरी तेच.

काही विषय फसवे असतात. भूगोल बीएला असतो आणि बीएस्सीलाही. संगणकाशी संबंधित पेपर विज्ञानाच्या बास्केटमध्ये म्हणजे पेपरांच्या यादीत असतात, तसेच वाणिज्यच्याही. म्हणून विषयाचं नाव पाहून ठरवू नका. तो पेपर कोणत्या विद्याशाखेच्या बास्केटमध्ये मंजूर झाला आहे ते पाहा आणि कोर्स कोड लिहून ठेवा. मेजर बदलणाऱ्याने तर हे दोनदा तपासावं, कारण कालपर्यंत बाहेरचा असलेला पेपर मेजर बदलल्यावर आतला ठरू शकतो.

चूक झालीच असेल तर? वर्ग सुरू होऊन दोन-तीन आठवडेच झाले असतील तर विषयबदलाचा अर्ज द्या. तोंडी सांगून मोकळे होऊ नका. अर्ज इनवर्ड करून घ्या आणि शिक्क्याची प्रत जपा. परीक्षा फॉर्म भरला गेला असेल तर काम कठीण होतं, पण हॉल तिकीट येण्याआधी परीक्षा विभागाला गाठलं तर वाट निघू शकते. पेपर पास होऊन बसला असेल तर पुढच्या सत्रात योग्य विद्याशाखेतला ओई जादा घ्यावा लागेल का, हे लेखी विचारा. तिसऱ्या वर्षापर्यंत थांबलात तर त्या सत्रात तो पेपर चालू असेलच असं नाही.

मायनरची म्हणजे जोडविषयाची अट वेगळी आहे आणि मुलं दोन्ही एकत्र करतात. मायनर आपल्याच विद्याशाखेतला दुसरा विषय असू शकतो किंवा दुसऱ्या विद्याशाखेतलाही. त्याचे १८ ते २० क्रेडिट असतात आणि पुढे एमए, एमएस्सीला विषय बदलायचा असेल तर तो उपयोगी पडतो. मायनर विचार करून घ्या, ओई नियम पाहून घ्या.

तालुक्याच्या ठिकाणी कॉलेजात एकच विद्याशाखा असते तेव्हा हा नियम फार जाचक होतो. केवळ कला शाखेच्या कॉलेजात विज्ञानाचा ओई शिकवणार कोण? अशा ठिकाणी मुलांसमोर दोन-तीनच पेपर ठेवले जातात आणि ‘निवड’ हा शब्द कागदावर राहतो. दोष मुलांचा नाही. जवळच्या कॉलेजाशी जोडणी करावी किंवा सरकारच्या ऑनलाइन कोर्सांच्या पोर्टलवरचा, म्हणजे स्वयम्‌चा कोर्स मान्य करून घ्यावा, ही मागणी पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी प्राचार्यांकडे जरूर करावी. एकटा विद्यार्थी बोलला तर ऐकू जात नाही, वीस जणांच्या सह्यांचा अर्ज वाचला जातो.

‘दोन क्रेडिटचा आहे, पास झालो की पुरे’

हिशेब करून पाहा. सत्राचे २२ क्रेडिट आहेत. त्यांत दोन-दोन क्रेडिटचे तीन छोटे पेपर, म्हणजे ६ क्रेडिट. या तिन्हींत ९ ऐवजी ५ ग्रेड पॉइंट मिळाले तर ६ गुणिले ४, म्हणजे २४ पॉइंट कमी होतात. २२ ने भागा: एसजीपीए (सत्राची ग्रेड पॉइंटची सरासरी) जवळजवळ १.०९ ने खाली येतो. मेजरच्या एका अवघड पेपरात दिवसरात्र एक करून जे मिळवता येत नाही, ते इथे थोड्या अभ्यासात मिळतं. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. त्या ७५ टक्क्यांत हे पेपरही मोजले जातात.

छोट्या पेपरांचे अंतर्गत गुणही हलक्यात जातात. ओईचा वर्ग सकाळी सातला किंवा शनिवारी, दोन-तीन शाखांची मुलं एकत्र, शिक्षक ओळखत नाहीत. चाचणी कधी झाली हे मेजरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येत नाही. पहिल्याच आठवड्यात ओईच्या शिक्षकांचा ग्रुप शोधून त्यात जा. अनेक ठिकाणी अंतर्गत आणि लेखी परीक्षेत वेगवेगळं पास व्हावं लागतं. लेखी पेपर उत्तम गेला तरी सबमिशन राहिल्याने केटी लागते.

भाषेच्या पेपरांबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. आराखड्यात चार क्रेडिट इंग्रजीचे आणि चार आधुनिक भारतीय भाषेचे आहेत. ‘मराठी काय, येतेच’ म्हणून मुलं पुस्तक उघडत नाहीत, आणि मग सारांश, वृत्तलेखन, कार्यालयीन पत्र यांत गुण जातात. घरी मराठी बोलणं आणि एक परिच्छेद नेटका लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम पुढे प्रत्येक नोकरीत लागतं. बीएस्सी झालेल्या मुलाला ग्रामपंचायतीला देण्यासाठी पाण्याच्या तपासणीचा अहवाल मराठीत लिहिता येत नसेल, तर त्याचं रसायनशास्त्र गावापर्यंत पोहोचत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीचा पेपरही टाळू नये. तो साहित्याचा नसून वापराच्या भाषेचा असतो, जमतो.

नाव नोंदवलं म्हणजे सीसी झालं असं मानणं

एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, सांस्कृतिक कार्यक्रम यांतून सीसीचे क्रेडिट मिळतात. ते हजेरी आणि कामाच्या नोंदीवर. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तासांचं काम आणि दोन वर्षांत एक सात दिवसांचं विशेष शिबिर असतं. शिबिर चुकलं, डायरीवर कार्यक्रम अधिकाऱ्यांची सही नाही, तर सत्राच्या शेवटी दाखवायला काहीच उरत नाही. सही त्याच आठवड्यात घ्या.

आयकेएसमध्ये एक छोटी पण नेमकी चूक होते. एक आयकेएस सर्वांसाठी सामायिक, दोन क्रेडिटचा. दुसरा मेजरशी जोडलेला असतो आणि तो मेजरच्या क्रेडिटमध्ये धरला जातो. एक झाला म्हणजे दोन्ही झाले असं नाही. तसंच पर्यावरणाचं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, त्यातूनच पुढे पदवीला तो पेपर आला. आता तो व्हीईसीमध्ये आहे. जुन्या पॅटर्नमधून खंड पडून परतलेल्या मुलांनी आपला जुना पेपर आपोआप धरला जाईल असं गृहीत धरू नये, समकक्षतेचं पत्र मागावं.

स्वयम्‌चा कोर्स आधी करून मग विचारणं

एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे कोर्स स्वयम्‌वरून घेता येतात, अशी यूजीसीची म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२१ ची तरतूद आहे. पण कोणता कोर्स कोणत्या रकान्यात चालेल हे कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. मंजुरी आधी, नोंदणी नंतर. एनपीटीईएलचा म्हणजे आयआयटी वगैरे संस्थांचा, चार आठवड्यांचा कोर्स साधारण १ क्रेडिटचा, आठ आठवड्यांचा २ आणि बारा आठवड्यांचा ३ क्रेडिटचा धरतात. दोन क्रेडिटच्या रकान्यात चार आठवड्यांचा कोर्स बसणार नाही.

कोर्सला नाव नोंदवणं फुकट आहे, परीक्षेची नोंदणी मात्र वेगळी, तिला शुल्क आणि तिची वेगळी मुदत. मुलं सगळे व्हिडिओ पाहतात, असाइनमेंट भरतात आणि ही तारीख चुकवतात. एनपीटीईएलला पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि केंद्रावरच्या परीक्षेत ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे लागतात. निकाल विद्यापीठाच्या निकालानंतर येऊ शकतो. त्यामुळे गुणपत्रिकेत तो रकाना रिकामा दिसला तर घाबरू नका, पण प्रमाणपत्र हाती येताच परीक्षा विभागात जमा करा.

एबीसीवरचं नाव न जुळणं

क्रेडिट जमा होतात ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, बारा अंकी क्रमांकावर. डिजिलॉकरमधून तो काढताना नाव आधारवरून येतं. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडिलांचं नाव आहे, दुसरीकडे नाही. लग्नानंतर आडनाव बदललेलं. अशा फरकांमुळे क्रेडिट अडकतात. दोन खाती निघाली असतील तर आणखी गुंता. पहिल्या वर्षीच आधार दुरुस्त करून घ्या. शेवटच्या सत्रात हे काम काढलं तर निकालाच्या गर्दीत सापडेल.

पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर थांबायचं असेल त्यांनी तर हे सगळं आधीच पाहावं. प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडायला त्या वर्षापर्यंतच्या क्रेडिटशिवाय कौशल्याचे ४ जादा क्रेडिट लागतात, उन्हाळ्यातल्या कामातून किंवा इंटर्नशिपमधून. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करावी लागते. विद्यापीठ बदलून परतणार असाल तर सोडताना केवळ गुणपत्रिका घेऊन निघू नका. ओई, व्हीईसी, एसईसी (कौशल्याचे पेपर) आणि आयकेएसचे अभ्यासक्रम कोर्स कोडसह छापून, त्यावर कॉलेजचा शिक्का घ्या. नव्या ठिकाणी समकक्षता ठरवताना हेच कागद मागितले जातात.