स्वतः काढलेली कादंबरी ऑनलाइन कुठल्या कप्प्यात ठेवायची?

कादंबरीचे गठ्ठे घरी आले की ओळखीचे लोक विचारू लागतात, "ऑनलाइन कुठे मिळेल?" त्यांना लिंक पाठवली की काम होतं. पण ज्याने तुमचं नाव कधीच ऐकलेलं नाही, असा वाचक येतो तो पुस्तक कुठल्या कप्प्यात आहे त्यावरून, आणि प्रकाशक नसल्यामुळे तो कप्पा आपल्यालाच ठरवावा लागतो. मुखपृष्ठ कसं असावं, प्रकाशन समारंभाला कुणाला बोलवावं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. म्हणून नव्या लेखकांशी बोलताना मी जास्त वेळ कप्प्यांवरच घालवते.

आपल्या दुकानांची मांडणी साहित्यप्रकारावर चालते. अप्पा बळवंत चौकात जा नाहीतर बुकगंगावर शोधा, कादंबरी, कथासंग्रह, चरित्र, अनुवादित अशी दालनं दिसतात. तिथे तुमची वस्तू कादंबरी आहे एवढं सांगितलं की भागतं. किंडलवर मात्र कादंबरीपाशी नुसती सुरुवात होते. पुढे रहस्य, प्रणय, ऐतिहासिक, कौटुंबिक, राजकीय, भय, आणि त्यांच्या पोटात आणखी उपवर्ग. ही यादी मुळात इंग्रजी वाचकांच्या सवयींवर बेतलेली. समीक्षेत आपण सहज वापरतो ते 'ग्रामीण' किंवा 'प्रादेशिक' तिथे तसंच्या तसं सापडत नाही.

लेखकाने स्वतः किंडलवर पुस्तक काढायची अ‍ॅमेझॉनची सोय म्हणजे केडीपी. तिथे एका ई-पुस्तकाला ३ वर्ग, म्हणजे कप्पे, घेता येतात. २०२३ पर्यंत ग्राहकसेवेला लिहून ते १० पर्यंत वाढवून घेता यायचे. जुन्या व्हिडिओंमध्ये ही युक्ती अजून सांगतात, तिच्या मागे लागू नका.

माझ्या कादंबरीत तालुक्याच्या गावातली पतसंस्था बुडते आणि पहिल्याच प्रकरणात तिचा व्यवस्थापक बेपत्ता होतो. मित्रमंडळींचं मत एकच, "रहस्यात टाक, खप तिथेच आहे." खप असेलही. पण रहस्यकथेचा वाचक शेवटच्या पानावर उत्तर मागतो, आणि माझा व्यवस्थापक शेवटपर्यंत सापडत नाही. गोष्ट त्याची नाहीच मुळी, ठेवी अडकलेल्या तीन घरांची आहे. रहस्यात ठेवली असती तर विक्री झाली असती आणि पाठोपाठ "फसवलं" म्हणत एकेक तारा देणारे अभिप्रायही आले असते. मी कौटुंबिक, राजकीय आणि छोट्या गावाचं जीवन असे तीन वर्ग घेतले. वर्ग निवडताना मी एकच कसोटी लावते: त्या कप्प्यातली आधीची दहा पुस्तकं आवडलेल्या माणसाच्या हाती माझं पुस्तक दिलं, तर तो शेवटपर्यंत जाईल का? 'साहित्यिक कादंबरी' हा प्रतिष्ठेचा वर्ग बहुतेक जण आधी घेतात. तिथे जगभरातली गर्दी असते, म्हणून मी तो सोडला.

वर्गात न मावलेलं सगळं कीवर्डमध्ये, म्हणजे वाचक शोधताना टाइप करेल अशा शब्दांमध्ये, घालायचं. त्यासाठी ७ रकाने मिळतात, प्रत्येकात ५० अक्षरांपर्यंत. सहकार, पतसंस्था, ग्रामीण, पश्चिम महाराष्ट्र हे माझे शब्द तिथे गेले. शीर्षकात असलेला शब्द पुन्हा घालून जागा वाया घालवू नका. दुसऱ्या लेखकाचं नाव, 'सर्वोत्कृष्ट', 'नवीन' असलं काही चालत नाही, नियमातच मनाई आहे. आणि एक-दोन रकाने रोमन लिपीला द्या. मराठी माणूस मराठी पुस्तक शोधताना फोनवर बहुधा रोमनमध्येच टाइप करतो, तेही 'कादंबरी'ला कधी एक ए लावून, कधी दोन.

इथपर्यंत आलेला वाचक नमुना उघडतो. किंडलवर साधारण पहिला १० टक्के भाग फुकट वाचायला मिळतो. आपल्याकडे त्यात काय असतं? अर्पणपत्रिका, ज्येष्ठांचे आशीर्वाद, प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश. पुस्तक छोटं असेल तर गोष्ट सुरू व्हायच्या आतच नमुना संपतो! ई-आवृत्तीत हे सगळं मागे न्या. प्रस्तावना लिहिणाऱ्यांना आधी कल्पना द्या, नाहीतर रुसवा होतो.

डीटीपीवाल्याकडून आलेली फाइल जुन्या श्रीलिपीसारख्या फॉण्टमध्ये असेल तर ती युनिकोडमध्ये बदलून पुन्हा अक्षर न् अक्षर तपासावी लागते. जोडाक्षरं आणि रफार हमखास घोटाळा करतात. मुखपृष्ठावरचं सुलेखन कितीही देखणं असो, ते फोनवर अंगठ्याच्या नखाएवढं करून पाहा. मात्रा आणि वेलांट्या एकमेकींत गेल्या असतील तर साधं ठसठशीत अक्षर बरं.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, ई-पुस्तकाला सक्तीचा नाही. छापील प्रतीसाठी तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून विनामूल्य मिळतो. 'आयएसबीएन काढून देतो' म्हणत पैसे मागणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा.

केडीपी सिलेक्ट या ऐच्छिक योजनेत जायचं की नाही, हा निर्णय मात्र नीट बसून घ्या. तिथे गेलं की ९० दिवस ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही, म्हणजे बुकगंगाची ई-आवृत्ती गेली. बदल्यात किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे वर्गणी भरून पुस्तकं वाचायच्या योजनेत, वाचलेल्या पानांचे पैसे मिळतात, ५ दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं, आणि भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवं असेल तर सिलेक्टमध्ये असावंच लागतं, नाहीतर ३५. पहिल्या कादंबरीसाठी मी सिलेक्ट घेईन, कारण अनोळखी लेखकावर पैसे न घालवता वाचून पाहणारा वाचक तिथे असतो. फुकटचे पाचही दिवस एकदम उधळू नका. फुकट पुस्तकांची क्रमवारी वेगळी असते, तिथला पहिला नंबर विकतच्या यादीत येत नाही. तसाही हा नंबर सतत हलतो. सकाळी पहिला, दुपारी सतरावा. फेसबुकवर मिरवले जाणारे स्क्रीनशॉट सकाळचे असतात!

मराठी वाचक अभिप्राय देतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर, तोही सात मिनिटांच्या व्हॉइस नोटने. मी त्याला विचारते, "काका, हेच चार ओळींत पुस्तकाच्या पानावर लिहाल का?" दहांतला एखादा लिहितो. घरच्यांना आणि जवळच्या मित्रांना सांगू नका, नियमात बसत नाही आणि असे अभिप्राय काढून टाकले जातात.

छापील प्रतींचं गणित निराळं आहे. विक्रेता ४० टक्के किंवा त्याहून जास्त कमिशन घेतो, तेव्हा किंमत ठरवतानाच ते धरा. महाराष्ट्रात १० हजारांहून अधिक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि त्यांची खरेदी मोठी असते. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी पुस्तक पाठवण्याची सूचना निघते तिच्यावर लक्ष ठेवा. माझे बरेचसे अनोळखी वाचक आधी ग्रंथालयात भेटले आणि मग त्यांनी आपल्या पुण्या-मुंबईतल्या, अमेरिकेतल्या मुलांना किंडलची आवृत्ती घ्यायला लावली.

निवडलेले वर्ग कायमचे नसतात. केडीपीत शिरून ते बदलता येतात, बदल दिसायला दोन-तीन दिवस लागू शकतात. एका वेळी एकच वर्ग बदला, तारीख वहीत लिहा आणि महिनाभर थांबा. या काळात विक्रीपेक्षा वाचलेल्या पानांचा आलेख पाहा. कुठला वाचक कुठे थांबला हे त्यात कळत नाही, फक्त रोजची बेरीज मिळते. पण वर्ग बदलल्यावर पुस्तक उचललं जातंय आणि पानं मात्र वाढत नाहीत असं दिसलं, तर मी तो वर्ग सोडते.